मे महिन्यात सेन्सरला माणूस दिसत नाही

मे महिन्यात भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरच्या एका वायरमनचा फोन संध्याकाळी साडेसातनंतर वाजू लागतो आणि बहुतेक तक्रारी एकाच चालीच्या असतात. हिवाळ्यात बसवलेला सेन्सरचा दिवा इतके दिवस बिनतक्रार चालला. अंगणात पाऊल पडलं की लागायचा. आता माणूस खालून चार फेऱ्या मारतो, तरी दिवा ढिम्म. "काहून लागत नाही जी हा? बिघडला का?" वायरमन उलट विचारतो, मध्यरात्रीनंतर लागतो का? पलीकडचा जरा थांबतो, घरात कोणाला तरी विचारतो. हो, तेव्हा लागतो. पहाटे तर हमखास. मग बिघडलेला नाही, भिंत थंड होऊ द्या, असं सांगून तो फोन ठेवतो.

काहींना ही टोलवाटोलवी वाटते. ती नसते. घरगुती दिव्यांसाठी जो सेन्सर सर्रास मिळतो, त्याला बाजारात पीआयआर म्हणतात. तो स्वतः कुठलाही किरण सोडत नाही, आवाज सोडत नाही. समोरून येणाऱ्या उष्णतेकडे तेवढा बघत बसतो. आत एका विशिष्ट स्फटिकाच्या दोन बारीक चकत्या असतात. उष्णता कमीजास्त झाली की त्यांच्यात किंचित वीज तयार होते. हा गुणधर्म जुना, माहितीतला आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डच व्यापाऱ्यांनी श्रीलंकेहून नेलेला टूर्मलीन नावाचा खडा तापवला की राख ओढून घेतो, याचं युरोपात मोठं कौतुक झालं होतं. सेन्सरमधल्या दोन चकत्या एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात. सगळी खोली सावकाश तापली तर दोन्हींवर सारखाच परिणाम होतो आणि बेरीज शून्य येते. माणूस आडवा चालत गेला, तर त्याच्या अंगाची ऊब आधी एकीवर पडते, मग दुसरीवर. तेवढा झटका आतल्या चिपला पुरतो. रिले, म्हणजे विजेने चालणारं आतलं बटण, टक्कन वाजतो आणि दिवा लागतो.

पुढे जी दुधाळ, रेघारेघांची प्लास्टिकची टोपी दिसते, ते भिंग आहे. फ्रेनेल या फ्रेंच अभियंत्याने 1820च्या दशकात दीपस्तंभांसाठी काढलेली युक्ती तिथे लहान होऊन आली आहे. ही टोपी समोरच्या जागेचे पट्टे पाडते. माणूस एका पट्ट्यातून दुसऱ्यात गेला की झटका बसतो. म्हणूनच सेन्सरच्या दिशेने सरळ नाकासमोर येणारा माणूस त्याला उशिरा कळतो आणि आडवा जाणारा लगेच.

हा सेन्सर माणूस ओळखत नाही, फरक ओळखतो. माणसाची त्वचा साधारण 33-34 अंशांवर असते. डिसेंबरातल्या रात्री अंगणाची भिंत पंधरा-सोळा अंशांवर गेलेली असते. त्या भिंतीसमोरून जाणारा माणूस सेन्सरला ठळक दिसतो. मे महिन्यात शेजारच्या ब्रह्मपुरीचं नाव 46-47 अंशांसाठी वर्तमानपत्रात झळकत असतं आणि लाखांदूरच्या विटांच्या भिंती, सिमेंटची अंगणं दिवसभर तीच धग पीत असतात. सूर्य मावळला की ती हळूहळू बाहेर पडते. रात्री आठ-नऊच्या सुमारास भिंत उतरत उतरत नेमकी माणसाच्या त्वचेच्या आकड्याला येऊन टेकते. त्या तासा-दोन तासांत सेन्सरपुढे भिंत आणि माणूस एकच. गंमत म्हणजे भर दुपारी त्याला पुन्हा दिसू लागतं, कारण तेव्हा भिंत माणसापेक्षा बरीच तापलेली असते आणि फरक उलट दिशेने का होईना, असतोच. पण दुपारी दिवा लागून करायचं काय? खोक्यावर पल्ला सात मीटर किंवा दहा मीटर छापलेला असतो. तो कुठल्या गावच्या हवेत मोजला, हे खोक्यावर नसतं.

हा वायरमन आयटीआयमधून वायरमनचा ट्रेड करून आलेला. धानपट्ट्यातल्या वायरमनला एका कामावर जगता येत नाही. पावसाळ्याआधी मोटारी आणि स्टार्टर, रोवणी आटोपली की घरांचं वायरिंग, दिवाळीनंतर मंडईची जत्रा आणि झाडीपट्टीच्या नाटकांच्या मंडपातले दिवे. वडसा हे त्या नाटक कंपन्यांचं माहेर, आणि ते इथून जवळच. स्वयंचलित म्हणजे काय, हे त्याला सांगायला स्मार्ट होमची वाट बघावी लागली नाही. शेतातल्या पंपाला 'ऑटो' बसवणं हे त्याचं जुनं काम आहे. रात्री दोनला थ्री फेज येते तेव्हा मोटार आपोआप सुरू व्हावी आणि शेतकऱ्याने अंधारात बांधी तुडवत जाऊ नये, एवढ्यासाठी असलेला तो डबा. सेन्सरचा दिवा त्याच्या डोक्यात त्याच रांगेत बसतो. त्यामुळे 'स्मार्ट' या शब्दाचं त्याला फारसं अप्रूप नाही.

सेन्सर विकताना दुकानदार वीज वाचते असं सांगतो. वायरमन तसं सांगत नाही, कारण त्याने हिशेब मांडून पाहिला आहे. शंभर वॅटचा पिवळा बल्ब रात्रभर, म्हणजे दहा तास जळत राहिला तर महिन्याला 30 युनिट. तो सेन्सरने तासाभरावर आणला असता तर सव्वीस-सत्तावीस युनिट वाचले असते आणि बिलात दिसले असते. पण 2015 पासून उजाला योजनेतून एलईडी बल्ब गावोगाव पोचले. सरकारी खरेदीत 310 रुपयांना पडणारा बल्ब 2016 मध्ये 38 रुपयांवर आला. आता अंगणात असतो नऊ वॅटचा बल्ब. तो रात्रभर जळला तरी महिन्याला पावणेतीन युनिट. सेन्सर स्वतःही चोवीस तास जागा असतो आणि अर्धा वॅट धरला तरी महिन्याला तिसरा हिस्सा युनिट तोच खातो. उरलेली बचत दोन युनिटची, म्हणजे चौकातल्या दोन चहांची. सेन्सर स्वस्त झाला तोवर ज्या बल्बापासून वीज वाचवायची तो बल्बच गेला होता. बचतीसाठी सेन्सर घेणाऱ्याला तो सरळ सांगतो, काकाजी, पैसे ठेवा.

तरी लोक घेतात, आणि त्यांची कारणं दुकानदाराच्या कारणांपेक्षा खरी आहेत.

पहिलं कारण सांदवाडीतला संडास. घर पुढे, मागे विहीर किंवा बोअर, गोठा, तणसाची रास, आणि टोकाला संडास. रात्री उठलेल्या म्हाताऱ्या माणसाने आधी भिंतीवर बटण चाचपायचं, मग दार उघडायचं, मग दोन पायऱ्या उतरायच्या. पावसाळ्यात याच वाटेवर साप असतो. मण्यार रात्रीच हिंडते. देशात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसं गेली, असा अंदाज 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने मांडला. त्यातले बहुतेक खेड्यातले. इथे वायरमन एक गोष्ट गिऱ्हाइकाच्या डोक्यातून आवर्जून काढून टाकतो. साप आला की दिवा लागेल, असं अनेकांना वाटतं. लागणार नाही. सापाचं अंग ज्या जमिनीवर तो आहे तितकंच गार किंवा गरम असतं. सेन्सरला तो दिसतच नाही. दिवा लागतो तो माणसासाठी, आणि साप बघायचा तो माणसानेच.

दुसरं कारण वाघ. सीटी-1 नावाने ओळखल्या गेलेल्या वाघाने वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी या भागांत मिळून 13 माणसं मारली. 13 ऑक्टोबर 2022 रोजी वडशाच्या जंगलात त्याला बेशुद्ध करून पकडलं आणि नागपूरच्या गोरेवाड्याला नेलं. तो काळ या भागाने कसा काढला, हे इथल्या कोणालाही विचारावं. सरपणाला, मोहफुलाला, तेंदूपत्त्याला जाणं तर टळत नाही. निदान अंगणात तरी उजेड असावा, म्हणून जंगलाकडेच्या गावांतून सेन्सरच्या दिव्यांची मागणी आली. वायरमनने दिवे लावून दिले, पण दिव्याने वाघ पळतो असं कबूल केलं नाही. दिवा लागला तर आत असलेल्यांना बाहेर काहीतरी आहे एवढं कळतं. त्यातही गोठ्यातली म्हैस उठून बसली, कुत्र्याने कूस बदलली, तरी तो लागतो. गोठ्याकडे तोंड करून बसवलेला सेन्सर रात्रभर लागत-विझत राहतो आणि चार दिवसांत घरचे त्याच्याकडे बघायचं सोडून देतात.

हाच सेन्सर जंगलातही आहे. वाटेच्या दोन्ही बाजूंना झाडांना बांधलेले हिरवट डबे नवेगाव-नागझिऱ्याकडच्या लोकांनी पाहिलेले असतात. त्या कॅमेऱ्यांत वाघाची ऊब टिपून बटण दाबणारा पुर्जा पीआयआरच असतो. 2018 च्या व्याघ्रगणनेत देशभर 26,838 ठिकाणी असे कॅमेरे लागले आणि साडेतीन कोटींच्या जवळपास छायाचित्रं आली. त्यात वाघाची होती 76,651. बाकीच्यांत चितळ, रानडुक्कर, गुरं, माणसं असं सगळंच. सेन्सर निवड करत नाही, हे या आकड्यांवरून जितकं कळतं तितकं गोठ्यासमोरच्या दिव्यावरूनही कळतं.

खरं कौशल्य लागतं ते डबा कुठे ठोकायचा यात. एका घरी हे काम बघण्याजोगं होतं. वायरमनने शिडी लावण्याआधी आजीबाईंना सांगितलं, आजी, रात्री जशा जाता तशाच जाऊन दाखवा. त्या हसल्या, पण गेल्या. सपरीच्या खांबाला हात, मग दाराची चौकट, मग भिंतीच्या कडेकडेने, उजव्या बाजूच्या दोन पायऱ्या एकेक पाय टेकवत. अंगणाच्या मधून त्या चालतच नव्हत्या. मुलाने दाखवलेली जागा दारावर, अगदी मधोमध होती. तिथून आजी सेन्सरच्या पोटाखालून भिंतीला चिकटून निघून गेल्या असत्या. वायरमनने डबा समोरच्या कोपऱ्यात, सात-आठ फुटांवर नेला, म्हणजे त्या आडव्या जातील. पायऱ्या उतरायच्या आत दिवा लागला पाहिजे, हे त्याचं माप. मग खिशातून काळी टेप काढून भिंगाच्या खालच्या कडेला बोटभर पट्टी चिकटवली. कुत्र्याच्या उंचीचे पट्टे झाकले गेले. मागे दोन बारीक स्क्रू असतात. एक किती लांबचं बघायचं त्याचा, दुसरा दिवा किती वेळ राहावा त्याचा. दुसरा त्याने पाच मिनिटांच्या टोकाला फिरवला. तीस सेकंद पुरे, असं मुलगा म्हणत होता. "त्यांना बसायला वेळ लागते, उठायला बी लागते," एवढंच तो म्हणाला.

संडासाच्या आत मात्र तो पीआयआर लावत नाही. बसलेला माणूस हलत नाही, दिवा विझतो आणि अंधारात हात हलवत बसावं लागतं. शहरातल्या मोठ्या ऑफिसांतही हा प्रकार चालतो म्हणे. तिथे लोक हसून सोडून देतात, इथे ऐंशीच्या म्हाताऱ्याचा तोल जातो. आत साधं बटण, बाहेर सेन्सर, हा त्याचा नियम.

मेमधल्या आंधळेपणावर उपाय म्हणून त्याने रडारचा सेन्सर आणून पाहिला. त्याला उष्णतेशी देणंघेणं नाही. तो सूक्ष्मलहरी सोडतो आणि हलत्या वस्तूवरून परतलेल्या लहरींतला बदल मोजतो. काही तयार सेन्सर-बल्बांत तोच असतो. उन्हाळ्यात तो पक्का चालला. पण त्याची खोड वेगळी. छताचा पंखा फिरला की त्याच्या लेखी माणूस आला. पातळ भिंत, लाकडी दार, कवेलू यांच्या पलीकडचंही त्याला जाणवतं, त्यामुळे गल्लीतून सायकल गेली तरी घरातला दिवा लागतो. मंडईच्या रात्री, नाटक सुटेपर्यंत आणि सुटल्यावरही, गल्लीतली वर्दळ थांबत नाही. त्या रात्री असा दिवा असलेल्या घरात कोणी झोपू शकलं नाही. शेवटी त्याने रडार जाड भिंतीच्या घरांपुरता, तोही पंख्यापासून दूर ठेवला. कूलरचं उलटं. कूलरच्या ओल्या झोताने रडारला काही होत नाही, पण पीआयआरच्या तोंडावर तो गार झोत आला की तो दचकतो. तेव्हा खोली पाहताना कूलर कुठल्या खिडकीत बसतो, हे जानेवारीतच विचारून घ्यावं लागतं.

ऑक्टोबरात मात्र सेन्सरचं खरं कौतुक होतं, आणि तेही कोणी न सांगितलेल्या कारणासाठी. धान लोंबीवर असतं, तुडतुडे उजेडाकडे झेपावतात. या दिवसांत जेवायच्या वेळी सपरीतला दिवा घालवून अंधारात जेवणारी घरं आजही आहेत. रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली सकाळी केरसुणीने लोटावा इतका सडा पडतो. पाच मिनिटं लागून विझणाऱ्या दिव्याखाली तो पडत नाही. किडे नाहीत म्हणून पाली नाहीत, आणि पाल भिंगावरून फिरली की विनाकारण लागणारा दिवाही नाही. पावसाळ्यात डब्यात घर करणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त तेवढा राहतो. वायरच्या भोकाला पुट्टी भरणं हे त्याने अनुभवाने शिकलेलं काम.

जुन्या घरांत सगळ्यात जास्त वेळ खातं ते न्यूट्रल. आधीच्या मिस्त्रींनी बोर्डापर्यंत फक्त फेज आणली, न्यूट्रल परस्पर होल्डरला नेली. त्या काळात बटणाला तिची गरज नव्हती. सेन्सरला स्वतः जागं राहायला दोन्ही लागतात. न्यूट्रलशिवाय चालणारे सेन्सर मिळतात, पण ते दिव्यातून थोडा करंट सतत झिरपू देतात आणि मग बंद एलईडी रात्रभर मिणमिणतो किंवा लुकलुकतो. गिऱ्हाईक म्हणतं, भूत आहे. वायरमन म्हणतो, न्यूट्रल नाही. मातीच्या भिंतीवरच्या जुन्या केसिंगमधून नवी वायर ओढायची म्हणजे अर्धा दिवस गेला, आणि सेन्सरच्या किमतीएवढी मजुरी झाली की घासाघीस ठरलेली. उन्हाळी धानाच्या दिवसांत सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि स्वस्तातल्या सेन्सरचा रिले टकटक करत राहतो. अशा घरी तो चांगल्या रिलेचा सेन्सर घ्यायला सांगतो आणि मजुरीत सूट देतो.

तिसरं कारण पुण्याला किंवा हैदराबादला नोकरी करणारा मुलगा. तो ऑनलाइन मागवून कुरिअरने पाठवतो. वायफायचे बल्ब, बॅटरीवरचे सेन्सर, एक हब, आणि फोनवरून बसवायच्या सूचना. हे सगळं बसतं आणि चालतंही. वीज गेली, परत आली, राउटर आधी उठला की बल्ब आधी उठला यावर त्या रात्रीचा उजेड ठरतो, एवढंच. एका घरी मात्र वेगळंच घडलं. मुलाच्या फोनवर दर हालचालीची वेळ उमटत होती. सकाळी फोन आला की मुलगा विचारायचा, बाबा, काल रात्री तीनदा उठलात, डॉक्टरांना दाखवलं का? मुलाची काळजी खोटी नव्हती. पण वडिलांनी वायरमनला बोलावून घेतलं. "पोरगं तिथून पाह्यते का मी किती खेपा उठतो ते? बंद कर बाबू." दिवा राहू दे, फक्त तो फोनला जोडलेला नको. वायरमनने वायफायचा सेन्सर काढून साधा पीआयआर लावला आणि मुलाला आपणच फोन करून सांगितलं. मुलगा थोडा नाराज झाला. लेखकाच्या मते म्हाताऱ्याचंच बरोबर होतं. अंधारात वाट दिसणं वेगळं आणि वाटेवर नोंद ठेवली जाणं वेगळं, आणि दुसऱ्यासाठी त्याला कोणी विचारलं नव्हतं.

ज्यांना घरी असा दिवा बसवून घ्यायचा आहे, त्यांनी वायरमनला सकाळी बोलवू नये. दिवस मावळल्यावर बोलवावं आणि घरातल्या सगळ्यात थोरल्या माणसाला चालून दाखवायला सांगावं. आणि बोर्डावरचं जुनं बटण काढू देऊ नये. ते सेन्सरला समांतर जोडून घेतलं की मे महिन्यात रात्री आठ वाजताही दिवा लागतो. या जोडणीला मीटरभर वायर आणि दहा मिनिटं लागतात, आणि लाखांदूरचा हा वायरमन त्याचे वेगळे पैसे घेत नाही.